हेरंबचे आठ दिवस

एकदा एका शिष्याला एका मेलेल्या माणसाचा मत्सर वाटू लागला.

जिवंत माणसाचा मत्सर सोसणे त्या मानाने सोपे. जिवंत माणसाला सर्दी होते, तो उशिरा येतो, कधी चिडून बोलतो, भर सभेत चुकतो. मत्सर करणाऱ्याला तेवढाच दिलासा मिळतो. मेलेला माणूस असा दिलासा कधीच देत नाही. तो दरवर्षी थोडा अधिक हुशार होतो, थोडा अधिक प्रेमळ होतो, आणि त्याच्या हातून आता एकही चूक होण्याची शक्यता उरलेली नसते.

हा शिष्य ज्यांच्याकडे शिकत होता ते गुरू वृद्ध होते. पाटबंधाऱ्यांच्या कामात त्यांचे आयुष्य गेले होते. निवृत्तीनंतर धरणाखालच्या एका लहानशा गावी ते राहायला आले आणि घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आसपासच्या मुलामुलींना संगणकाचे काम शिकवू लागले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या शिष्यांकडे एक मोठी जबाबदारीही होती. धरणातून कालव्याला पाणी सुटले, म्हणजे आवर्तन सुरू झाले, की कोणत्या शेताला कोणत्या दिवशी आणि किती वेळ पाणी मिळेल, हे ठरवणारा एक प्रोग्राम तिथे सांभाळला जात असे. त्याने काढून दिलेल्या पाळ्यांप्रमाणे पाटकरी कालव्याची दारे उघडत आणि बंद करत. पूर्वी पाण्याच्या पाळीवरून गावात डोकी फुटत. प्रोग्राम आल्यापासून ते थांबले होते.

तो प्रोग्राम अण्णांच्या मुलाने लिहिला होता. त्याचे नाव हेरंब. काम पूर्ण झाल्यावर वर्षभरातच तो एका आजारात गेला.

शिष्याने हेरंबला कधी पाहिले नव्हते. तो आला तेव्हा हेरंबला जाऊन काही वर्षे लोटली होती. पण आल्या दिवशीच त्याला सांगण्यात आले, की हेरंबने हा अख्खा प्रोग्राम आठ दिवसांत लिहिला. पाणी वापर संस्थेचे चेअरमन हे सांगत, पाटकरी सांगत, कोपऱ्यावरचा चहावालाही सांगे, आणि सांगताना प्रत्येकाचा आवाज जरासा खाली येई. अण्णा तिथे असले तर काही न बोलता मान डोलावत.

प्रारंभी शिष्याला हे ऐकून स्फूर्ती मिळाली. पुढे कंटाळा आला. आणि कालव्याला नवी चारी, म्हणजे शेतांकडे पाणी नेणारा लहान फाटा, जोडली गेली तेव्हापासून त्याला हेरंबचे नाव सहन होईनासे झाले.

नव्या चारीमुळे प्रोग्रामात बदल करणे आवश्यक होते, आणि ते काम अण्णांनी या शिष्याकडे दिले होते. बदल केला की चारीच्या तोंडाशी असलेल्या शेतांना पाणी मिळे आणि शेवटाकडच्या शेतांची पाळी कोरडी जाई. दुसरीकडून दुरुस्ती केली की शेवटाकडे पाणी पोहोचे आणि मधली गावे ओरडतील अशी आकडेवारी येई. महिन्यांमागून महिने गेले. तो रोज बसे, रोज चुके. चुकलेले कोणाला दिसू नये म्हणून प्रत्येक टप्पा आधी नीटनेटका करून मगच नोंदवी.

एके दिवशी चेअरमन आले. पायरीवर चपला काढतानाच त्यांनी विचारले, "काय रे, झाली का जोडून चारी?"

"चालू आहे."

"चालू आहे, चालू आहे, हे मी दिवाळीपासून ऐकतोय. अरे, हेरंबनं सगळं काम आठ दिवसांत उभं केलं होतं. तुला एवढी एक चारी जोडायला किती दिवस?"

शिष्य पुन्हा पडद्याकडे वळला.

"हे बघ," चेअरमन खुर्चीत बसत म्हणाले, "होळीनंतर आवर्तन सुटणार. तोवर जमलं तर उत्तम. नाही तर शहरातली एक कंपनी आहे, त्यांच्याकडे देऊन टाकतो सगळं. शेवटाकडचे लोक माझ्या दारात येऊन बसतात, तुझ्या नाही. अण्णांनी मग राग मानायचा नाही. हेरंब असता तर ही वेळच आली नसती."

अण्णा शेजारीच होते. त्यांनी मान डोलावली.

कंपनीकडे काम गेले, तर हेरंबचा प्रोग्राम त्याच्या बापाच्या घरातून कायमचा जाणार, आणि तो ज्याच्यामुळे गेला असे लोक म्हणतील तो माणूस आपण असू, हे शिष्याला त्या क्षणी कळले. त्याला भीती वाटायला हवी होती. त्याला हेरंबचा राग आला.

मत्सर एकदा घरात शिरला, की तो लहानसहान वस्तूंवरही बसतो. हेरंबने वापरलेल्या खुर्चीचा शिष्याला मत्सर वाटू लागला. हेरंबच्या लिखाणात एका शब्दाचे स्पेलिंग चुकलेले सापडले तेव्हा त्याचा तो सारा दिवस आनंदात गेला. दुपारी अण्णांच्या पत्नी, ज्यांना सगळे काकू म्हणत, थालीपीठ लावत. कडेचा कुरकुरीत तुकडा त्या आठवणीने याच्या ताटात टाकत आणि म्हणत, "घे. हेरंबला कडेचंच लागायचं." तो तुकडा तो खाई, पण प्रत्येक घासाला त्याला वाटे, की हे ताट दुसऱ्याचे आहे.

त्याच्याबरोबर शिकणारी एक मुलगी होती. ती सगळ्यांची चेष्टा करी. एकदा तिने त्याला सरळ विचारले, "तुझी शर्यत कोणाशी लागलीये, कळतंय का तुला?"

"कोणाशी नाही."

"हेरंबदादाशी लागलीये. आणि वेड्या, तो धावतच नाहीये. तू कितीही जोरात पळालास तरी तो जिथे आहे तिथेच पहिला."

"आठ दिवसांत हे होऊच शकत नाही," तो म्हणाला.

"मग कर सिद्ध," ती हसत म्हणाली आणि आपल्या कामाला लागली. तिने ते गमतीने म्हटले होते. त्याने गमतीने घेतले नाही.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी माणसे आपल्या कामाचा प्रत्येक टप्पा एका सामायिक कोठारात नोंदवून ठेवतात. कोणी बदल केला, कोणत्या तारखेला, किती वाजता, आणि तो का केला याची एक ओळ. या नोंदींना मिळून ते हिस्टरी म्हणतात. हेरंबच्या आठ दिवसांची कथा याच हिस्टरीतून जन्माला आली होती. कोठारातली त्याची पहिली नोंद आणि शेवटची नोंद यांत आठ दिवसांचे अंतर होते. ते कोणीतरी पाहिले, दुसऱ्याला सांगितले, आणि पुढे पाहण्याची गरज कोणाला उरली नाही.

शिष्याने ती पहिली नोंद उघडली. त्या एका नोंदीत सबंध प्रोग्राम जवळजवळ तयार अवस्थेत उभा होता. पाया, भिंती, छप्पर, सगळे एकाच दिवशी. असे घर कोणी बांधत नाही. असे घर दुसरीकडे बांधून नंतर आणून ठेवलेले असते. ठेवल्याची तारीख लोकांनी केल्याची तारीख म्हणून वाचली होती. शिष्याने ओळखले. खऱ्या नोंदी कुठेतरी असणार, आणि त्या हेरंबच्या स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर असणार.

तो अण्णांकडे गेला आणि खोटे बोलला. म्हणाला, "नव्या चारीच्या बाजूचे जुने नकाशे हेरंबच्या लॅपटॉपवर असतील. बघायला मिळेल का?"

अण्णांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि आत हाक मारली. काकूंनी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला लॅपटॉप दोन्ही हातांनी बाहेर आणला. "पासवर्ड विचारील," त्या म्हणाल्या, "तर माझ्या माहेरच्या गावाचं नाव टाक." आणि त्यांनी ते नाव सांगितले.

खऱ्या नोंदी तिथे होत्या. एका आषाढात सुरू झालेल्या आणि पुढच्या ज्येष्ठापर्यंत चाललेल्या. अकरा महिने. शिष्याने त्या वाचल्या नाहीत. त्याला त्या मोजायच्या होत्या.

मोजण्यासाठी त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याचा नियम सोपा होता. दोन नोंदींमध्ये दोन तासांहून कमी अंतर असेल, तर तो सगळा वेळ माणूस कामावर बसला होता असे धरायचे. अंतर अधिक असेल, तर तो उठून गेला होता आणि पुढची नोंद ही नव्या बैठकीची सुरुवात. अडचण एवढीच, की बैठकीतली पहिली नोंद पडण्यापूर्वी माणूस किती वेळ बसला होता, हे कोणत्याही हिस्टरीत नसते. तिथे आपण अंदाजाने काही वेळ भरायचा. सर्वसाधारणपणे अर्धा तास भरतात. शिष्याने स्वतःच्या नोंदींना अर्धा तास भरला. हेरंबच्या बैठकांना त्याने दोन तास भरले.

असे करताना त्याला आपण काही गैर करतो आहोत असे वाटले नाही. हेरंबचे तास वाढतील, आणि जितके वाढतील तितका हेरंब संथ ठरेल, एवढेच त्याला दिसत होते. हेरंबचे चौदाशे तास निघाले. त्याचे स्वतःचे साडेतीनशे.

शनिवारी सकाळी अण्णांकडे सगळे जमत. त्या शनिवारी चेअरमनही आले होते. शिष्याने काही न विचारता भिंतीवरच्या पडद्यावर दोन पट्ट्या दाखवल्या, एक लांब आणि एक आखूड.

"ही लांब पट्टी हेरंबची," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "आठ दिवस ही नुसती ऐकीव गोष्ट आहे. अकरा महिने लागलेत त्याला. चौदाशे तास. आणि ही माझी. माझे अजून साडेतीनशेच झालेत."

काकू चहाचा ट्रे घेऊन दाराशी आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. चेअरमननी एकदा अण्णांकडे पाहिले आणि पायांकडे नजर वळवली. मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "अरे, काय केलंस हे."

अण्णा उठले. चष्मा नीट केला आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले.

"कशावरून काढलेस?"

शिष्याने सांगितले. लॅपटॉपचे सांगितले, नियम सांगितला.

"बैठकीतल्या पहिल्या नोंदीच्या आधीचा वेळ किती धरलास?"

"दोन तास."

"आणि स्वतःचा?"

"अर्धा."

"वा रे वा," मुलगी म्हणाली. चेअरमनना एवढे कळले, की यात काहीतरी खोट आहे. ते खुर्चीत पुढे सरकले. शिष्य अण्णांच्या रागाची वाट पाहत उभा राहिला. ते रागावणार हे त्याने धरलेच होते. कदाचित त्याला ते हवेही होते.

अण्णा म्हणाले, "त्याचे चार धर."

शिष्याला वाटले, आपली ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"दोन धरलेस ना? चार धरून बघ. किती होतात?"

त्याने आकडा बदलला. लांब पट्टी आणखी लांब झाली. "दोन हजारांच्या वर," तो म्हणाला.

"दोन हजार," अण्णा पट्टीकडे पाहत म्हणाले. "ठेव तसेच."

"अण्णा, असं नाही करता येत."

"का? दोन करता आले, तर चार का नाही?"

"दोन मी... ते चुकीचं होतं. अर्धाच धरायला हवा. दोघांनाही सारखा."

"अर्ध्याने किती कमी होतील?"

"दोनाचे अर्धा केले, तर पाचशे."

"पाचशे तास," अण्णा म्हणाले. मग, बाजारात माणूस घासाघीस करतो तशा स्वरात पण फार हळू, "एक तास धर की. एक तास तरी बसत असेल तो आधी. चहा घेऊन नुसता बघत बसायचा, मी पाहिलंय. एक धर."

काल रात्रीपर्यंत जे तास वाढवण्यासाठी शिष्य धडपडत होता, तेच आता त्याला कमी करायचे होते आणि त्याचा हात उचलत नव्हता. गुरूंनी असे का करावे, हे त्याला उमगेना. ज्याच्या मुलाला संथ ठरवले, तोच बाप त्याला आणखी संथ का करू पाहतो?

अण्णा खुर्चीवर येऊन बसले आणि नेहमीच्या, शिकवण्याच्या आवाजात बोलू लागले.

"बैठकीच्या आधी माणूस किती वेळ बसला होता, हे कोणालाच ठाऊक नसते. त्या रिकाम्या जागी आपण जो आकडा भरतो, त्यात तो माणूस दिसत नाही, आपण दिसतो. तू दोन भरलेस, त्यात तुझे मन दिसले. मी चार मागितले, त्यात माझे दिसले. दोन्ही असत्य आहेत. म्हणून तू म्हणतोस तेच योग्य. दोघांनाही अर्धा धर."

शिष्याने आकडा बदलला. पट्टी आखडली. नऊशे तास उरले.

"हे खरे," अण्णा म्हणाले. "खोटा तास मला एकही नको. पण खरे आहेत ते सगळे हवेत. माझ्या मुलाला आयुष्यात दिवस थोडे मिळाले. त्याबद्दल कोणाशी भांडता येत नाही. पण लोकांनी त्याचे कौतुक करता करता त्यातलेही काढून घेतले. अकरा महिने तो झिजला, त्याचे आठ दिवस केले. आणि मी बाप असून दरवेळी मान डोलावली, कारण ऐकायला बरे वाटत होते. आमचे सर्वांचे त्याच्यावर प्रेम होते. पण प्रेमाने कोणाला ते कोठार उघडून बघावेसे वाटले नाही. तुझ्या मत्सराला वाटले. तू त्याला लहान करायला गेलास आणि त्याचे अकरा महिने मला परत आणून दिलेस. तुझा हेतू काय होता, तो तू तुझा बघ. वस्तू मी ठेवून घेतो."

काकूंनी ट्रे टेबलावर ठेवला. पदराला हात पुसत त्या शिष्यापाशी आल्या.

"यात दिवस कळतो का?"

"कळतो काकू."

"त्या वर्षीची संक्रांत बघ बरं."

शिष्याने तारीख काढली. या नोंदी तो पहिल्यांदाच वाचत होता. "आहेत," तो म्हणाला. "सकाळी सातपासून आहेत. दुपारी आहेत. संध्याकाळपर्यंत बसलाय."

"मधे उठला नाही?"

"दोन तासांचं अंतर कुठेच नाही. उठला नसावा."

"सणाला घरी आला नव्हता, शहरात खोलीवरच होता. मी तीनदा फोन केला होता," काकू म्हणाल्या. "उचलला नाही. म्हटलं, मित्रांबरोबर गेला असेल कुठे." थोडा वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिल्या. "काय लिहिलंय तिथे?"

शिष्याने ओळी वाचून दाखवल्या. "शेवटच्या शेताला अजून पाणी नाही." मग, "पुन्हा चुकलं." मग, "कालचं सगळं काढून टाकलं." संध्याकाळच्या नोंदीत लिहिले होते, "आज काहीच झालं नाही."

"कामात होता म्हणजे," काकू म्हणाल्या. "मग ठीक आहे." आणि त्या कप भरू लागल्या. पहिला कप त्यांनी शिष्याच्या हातात दिला.

चेअरमननी घसा साफ केला. "म्हणजे हेरंबलासुद्धा शेवटाकडचं जमत नव्हतं?"

"नव्हतं," शिष्य म्हणाला. तो अजून वाचत होता. "चैत्रापर्यंत नव्हतं जमत. मी गेले तीन आठवडे ज्या पद्धतीने करतोय ना, तीच त्याने करून पाहिली होती. महिनाभर. मग सोडून दिली. इथे लिहिलंय त्याने, का सोडली ते."

"मग हे आम्हाला कधी कोणी सांगितलं नाही ते?"

"कोणी विचारलं नाही," अण्णा म्हणाले.

चेअरमननी चहा संपवला. मनात काहीतरी जुळवत ते कप फिरवत बसले. मग शिष्याकडे वळून त्यांनी विचारले, आणि या खेपेला त्यांच्या विचारण्यात हेरंब नव्हता, "तुला किती दिवस लागतील, खरं सांग."

आदल्या आठवड्यात शिष्याने या प्रश्नाला काहीही उत्तर दिले असते. आठ दिवस म्हणाला असता, सात म्हणाला असता.

"मला सांगता येत नाही," तो म्हणाला. "होळीपर्यंत होणार नाही. त्याच्या नोंदी आधी पूर्ण वाचायच्या आहेत. वाचून झालं, की अंदाज सांगतो. हे आवर्तन जुन्या पद्धतीने, हाताने पाळ्या लावून काढा."

"लोक शिव्या देतील मला."

"त्यांना सांगा, हेरंबला अकरा महिने लागले होते."

चेअरमन उठले. दाराशी जाऊन चपला घालताना म्हणाले, "पाटकऱ्यांना बोलावतो सोमवारी. हाताने तर हाताने. कंपनीवाल्याला कळवतो, तूर्त थांब म्हणून." मग मुलीकडे पाहून, "आणि तू हसू नकोस, तुझ्या गावचं पाणी पण त्याच चारीवर आहे."

"म्हणूनच हसतेय," ती म्हणाली.

त्यानंतर शिष्य हेरंबच्या नोंदी वाचत बसू लागला. आषाढापासून, एकेक. ज्या माणसाचा त्याला मत्सर वाटत होता तो माणूस त्याला त्या नोंदींत कुठेच भेटला नाही. तिथे दुसराच कोणी होता. तो सकाळी मोठ्या उत्साहाने सुरुवात करी आणि दुपारी चिडे. एका आठवड्यात एकच गोष्ट तीनदा बदलून पुन्हा पहिल्यासारखी करी. एकदा तर त्याने नुसते, "भूक लागली" असे लिहून ठेवले होते. त्या ओळीपाशी शिष्य मोठ्याने हसला, आणि मुलीने विचारले तेव्हा त्याने तिला ती दाखवली. जी वाट हेरंबने सोडली होती ती त्याने सोडली. जिथे हेरंब थकून थांबला होता तिथून त्याने पुढे धरले. आणि आपल्या चुकाही तो आता त्या त्या वेळी, आहेत तशा नोंदवू लागला. उद्या कोणी या चारीला आणखी एक चारी जोडायला बसला, तर त्याला ते वाचायला मिळावे म्हणून.

गेलेल्या माणसाचे कष्ट विसरून आपण त्याचे नुसते कौतुक करतो, तेव्हा त्याच्यावरही अन्याय होतो आणि जो अजून कष्ट करतो आहे त्याच्यावरही.

होळीनंतरचे आवर्तन हाताने निघाले. भांडणे झाली, पण डोकी फुटली नाहीत. त्याच्या पुढचे आवर्तन नव्या पाळ्यांवर सुटले. शेवटाकडच्या शेतांत पाणी पोहोचल्याचा निरोप आला तेव्हा चेअरमन स्वतः अण्णांकडे पेढे घेऊन आले. त्यांच्याबरोबर शेजारच्या कालव्यावरचे दोघे पाहुणे होते. त्यांनाही आपल्याकडे असेच काम करून हवे होते.

त्यातल्या एकाने शिष्याला विचारले, "हे सगळं करायला तुम्हाला किती दिवस लागले?"

अण्णा खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटले नाही.

"अठरा महिने," शिष्य म्हणाला. "अकरा हेरंबचे, आणि त्यापुढचे सात माझे."